कांटनच्या बंदरीं

चीन म्हटला म्हणजे आपल्या घरांत प्रथम आठवते ती लोणच्याची चिनी मातीची बरणी, आणि ज्यानें शाकुंतल वाचलें असेल त्यास आठवतें तें 'चीनांशुक'. याहून फारसा अधिक परिचय आम्हांसही नव्हता. पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. 'अफूचें युद्ध' हा धडा दर साल येई आणि दोन तासांत आटोपे. इंग्रजांनीं अफू विकली, चिन्यांनीं ती नाकारली, लढाई झाली, हाँगकाँग गेलें. इतकें सांगितलें म्हणजे मुलें उत्तीर्ण होत आणि आम्हीही निश्चिंत असूं. त्या धड्यांत आम्हीं काय गाळलें होतें हें समजण्यास आम्हांस निवृत्तीनंतर समुद्रापलीकडे जावें लागलें. तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे. त्याबरोबर डोंगर, नदी, देवालयें यांचेंही वर्णन येईलच. कारण निघालों होतों तें तीं पाहण्यासाठींच.

निमित्त अगदीं घरगुती. आमचे जांवई कापडाच्या एका पेढीच्या कामासाठीं कांहीं वर्षें कांटन शहरीं राहात होते. 'एकदां येऊन जा, पुढें आम्ही येथें असूं न असूं' असें मुलीचें वारंवार बोलावणें, आणि नऊ वर्षांच्या नातवाची ओढ, यांमुळें सन २०१८ ची दिवाळी आटोपतांच आम्ही उभयतां निघालों. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस काळजी एकच: 'तेथें खाणार काय?' थोरल्या वहिनींनीं मेतकूट, भाजणी, पोह्यांचे पापड, गोडा मसाला असा सरंजाम बांधून दिला. त्याचा उपयोग पुढें येईल.

कांटन हें नांव जुन्या पुस्तकांतलें. तेथील लोक शहरास ग्वांगझो म्हणतात. ज्या प्रांतांत तें आहे त्याचें नांव ग्वांगतुंग, आणि त्याचाच पोर्तुगीजांच्या तोंडीं अपभ्रंश होऊन 'कांटन' झालें. मोत्यांची नदी या नांवाची मोठी नदी शहरांतून वाहते व पुढें रुंदावत दक्षिणेस समुद्रास मिळते. उंच इमारती, पूल, दीपोत्सव यांचें वर्णन आम्ही करीत नाहीं. तें सर्व मोठ्या शहरांत सारखेंच. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सकाळीं चहाच्या खाणावळींत म्हातारे आजोबा-आजी, मुलें, नातवंडें असें सबंध कुटुंब गोल मेजाभोंवतीं बसलेलें असतें आणि दोन दोन तास उठत नाहीं. कोणी आपल्या पेल्यांत चहा ओतला कीं बोलणें न थांबवितां दोन बोटांनीं मेजावर हलकेंच टकटक करावयाचें, हा त्यांचा आभार मानण्याचा प्रकार. पेयाचें नांवही 'छा'. आपल्या 'चहा'चें माहेर तें हेंच.

चार दिवस विश्रांति घेऊन सर्व मंडळी ग्वेलिनला गेलों. वेगवान् आगगाडीची ही वाट २०१४ सालीं खुली झाली असून तीन तासांच्या आंतबाहेर माणूस तेथें पोहोंचतो. प्रवासाच्या अखेरच्या तासांत खिडकींतून जें दिसूं लागलें त्यानें आमचें वर्तमानपत्र हातांतून गळालें. सपाट भातखाचरांतून एकाएकीं उभे सुळके वर आलेले. एकाचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. कोणी उभा, कोणी किंचित् कललेला, सर्वांच्या अंगावर हिरवी झाडी. चिनी चित्रांतले ते अशक्य वाटणारे डोंगर चित्रकाराच्या कल्पनेंतले असतात असा आमचा समज होता. चित्रकारांनीं कल्पना मुळींच चालविलेली नाहीं, जें दिसलें तेंच काढलें.

नातवास आम्हीं कारण समजावून दिलें. आपला सह्याद्रि ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर सांचून झाला, म्हणून त्याचे माथे सपाट व कडे पायऱ्यांसारखे. येथील खडक चुनखडीचा. पस्तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं सांचलेला. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन वायु घेऊन किंचित् आम्ल होतें आणि चुनखडी त्यांत हळूहळू विरघळते. मऊ भाग वाहून गेला, कठीण भाग सुळके होऊन उरला. विरघळलेला चुना गुहांत थेंबाथेंबानें पुन्हां सांचतो. बाथरुमांतल्या बंबाला आंतून जसें पांढरें कीट चढतें तोच हा प्रकार, असें सांगतांच नातवास तें तत्काल पटलें. दक्षिण चीनच्या या चुनखडी प्रदेशास जागतिक वारशांत स्थान मिळालें तें २००७ सालीं, व ग्वेलिनचा भाग त्यांत २०१४ सालीं घेण्यांत आला.

वेणुगुहा म्हणून जी प्रसिद्ध गुहा आहे तिच्यांत तांबडे, निळे, हिरवे दिवे सोडून ठेविले आहेत. आम्हांस ते रुचले नाहींत. निसर्गानें लाखों वर्षें खपून केलेल्या कामास मांडवाची रोषणाई कशाला? परंतु त्याच गुहेंत सन ७९२ मधील शाईचीं अक्षरें दाखवितात. आपल्याकडे गडकोटांवर नांवें खरडणाऱ्या पोरांस आम्हीं जन्मभर रागें भरलों; हजार बाराशें वर्षें टिकल्यास त्या खरडण्याचाही पुरावा होतो, हें पाहून थोडें हंसूं आलें.

ली नदींतील नौकाप्रवास हा या सर्व यात्रेचा कळस. नाव चार तासांत यांगशुओ गांवापर्यंत जाते. मार्गशीर्ष जवळ आलेला, पाणी थोडें उतरलेलें, सकाळीं धुकें. डोंगर आधीं पाण्यांत दिसावयाचा आणि मग वर. शिंगपिंग गांवाजवळ सर्व प्रवासी एकदम एका बाजूस धांवले. पाहतों तों प्रत्येकाच्या हातांत वीस युआनची नोट. तिच्या पाठीवर छापलेला देखावा तोच समोर. आमच्या नातवानेंही नोट उंच धरून ताडून पाहिली व समाधान झाल्यावरच खिशांत घातली. कांठाला बांबूच्या तराफ्यावर एक वृद्ध कोळी पाळीव पाणकावळे घेऊन बसला होता. मोठा मासा गिळतां येऊं नये म्हणून पक्ष्याच्या गळ्यास दोरी बांधतात. आतां हा धंदा मुख्यत्वें छायाचित्रें काढवून घेण्यापुरता उरला आहे. आमच्या मंडळींस तें पाहवलें नाहीं. 'घांस तोंडाशीं आणून काढून घ्यावयाचा, हा काय खेळ?' असें म्हणून त्या दुसऱ्या बाजूस जाऊन बसल्या.

खाण्याचा प्रश्न येथें खरा उभा राहिला. ग्वेलिनच्या तांदळाच्या शेवया सर्वत्र वाखाणतात, पण त्यांचें पाणी हाडांचें. भाजी मागितली तर भाजीच येते, परंतु ती परतलेली असते डुकराच्या चरबीत. जांवयांनीं एका कागदावर चिनी अक्षरांत 'मांस, मासा, अंडें, चरबी कांहीं चालत नाहीं' असें लिहून आमच्या खिशांत ठेविलें होतें. तो कागद वाचून खाणावळवाले गंभीर होत आणि मोकळा भात पुढें ठेवीत. त्यावर वहिनींचें मेतकूट! मात्र बौद्ध मठांच्या शेजारीं शुद्ध शाकाहारी खाणावळी असतात. तेथें सोयाबीनच्या दह्यासारख्या वड्या, अळंबीं, कमळाचे देंठ, हिरव्या पाल्याच्या नाना भाज्या इतक्या स्वादिष्ट मिळतात कीं, आमच्या मंडळींनीं दोन कृति लिहून आणल्या आहेत. जाणाऱ्यांनीं मठ शोधावा, म्हणजे जेवण सांपडतें.

कांटनला परत आल्यावर अशाच एका मठांत आम्ही गेलों. त्याचें नांव ग्वांगशियाव. प्राकारांत बोधिवृक्ष आहे. मूळचा नव्हे, मूळचा उन्मळल्यावर त्याच्या जागीं लावलेला. झेन पंथाचा सहावा आचार्य हुइनंग यानें सन ६७६ मध्यें येथें मुंडन करून दीक्षा घेतली व त्याचे केंस पुरून त्यावर स्तूप उभारला, अशी परंपरा आहे. लोखंडी ओतकामाचे दोन मनोरे आहेत, एक ९६३ मधील, दुसरा ९६७ मधील. पहिल्याचे वरचे मजले नष्ट होऊन तीनच उरले. आंत भिक्षूंचें पठण चालू होतें. शब्द एकही कळेना, पण प्रत्येक चरणारंभीं 'नामो' ऐकूं येई. आमच्या मंडळींनीं लगेच हात जोडले. 'आपलें 'नमो'च तें, त्यांत न कळण्यासारखें काय आहे?' असें त्यांचें म्हणणें.

परंतु या मठाचा आमच्या मनावर जो ठसा उमटला तो एका परदेशस्थ पंडितामुळें. परमार्थ हा उज्जयिनीचा ब्राह्मणकुलोत्पन्न विद्वान्, जन्म सन ४९९. समुद्रमार्गें तो सन ५४६ मध्यें याच बंदरीं उतरला. पुढें राजधानीस गेला तों राज्यांत बंडाळी माजली; ग्रंथांचे भारे घेऊन हा वृद्ध माणूस गांवोगांव फिरला. वसुबंधूचा अभिधर्मकोश, असंगाचा महायानसंग्रह, असे ग्रंथ त्यानें चिनी भाषेंत उतरविले. सन ५६२ मध्यें मायदेशीं परतावें म्हणून तो नावेंत बसला. वारा उलटला, आणि नाव फिरून कांटनलाच येऊन लागली! शेवटचीं वर्षें त्यानें याच मठांत भाषांतरें करीत काढिलीं. एकदां कंटाळून डोंगरावर देह ठेवावयास निघाला, शिष्यांनीं परत आणला. सन ५६९ मध्यें तो येथेंच वारला. उज्जयिनी पुन्हां दिसली नाहीं.

यांत आमच्या स्वतःच्या आस्थेची गोष्ट निराळीच. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका आम्हीं तरुणपणीं गुरुजींपाशीं पाठ केल्या. त्या कारिका एका जुन्या टीकेसह परमार्थानें चिनी भाषेंत नेल्या. मूळ संस्कृत टीका पुढें आपल्या देशांतून नाहींशी झाली. चिनी भाषांतर मात्र राहिलें. १९४४ सालीं अय्यास्वामी शास्त्री यांनीं त्यावरून ती पुन्हां संस्कृतांत आणून 'सुवर्णसप्ततिशास्त्र' या नांवानें तिरुपतीहून प्रसिद्ध केली. आपण हरविलेली ठेव परक्यांनीं चौदाशें वर्षें सांभाळून ठेविली होती. त्या बोधिवृक्षाखालीं आम्ही बराच वेळ बसलों, व खरें सांगावयाचें तर छाती थोडी फुगलीच. नातवास जवळ घेऊन म्हटलें, 'बाळ, या बंदरीं आपल्या देशानें ज्ञान पाठविलें.' तें वाक्य आम्हांस दोनच दिवसांत परत घ्यावें लागलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं जांवई म्हणाले, 'मामा, हूमेनला चला. इतिहासाच्या मास्तरांनीं तें पाहिलेंच पाहिजे.' कांटनहून आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंत हें गांव येतें. येथें नदीचें मुख अरुंद होतें. दोन्ही तीरांवर जुने किल्ले, तोफा अद्याप समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. गांवांत अफूच्या युद्धाचें संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारांत दोन चौकोनी तळीं जपून ठेविलीं आहेत. हिरवें शांत पाणी, भोंवतीं झाडें. न सांगितल्यास एखादी पुष्करिणीच वाटावी.

सन १८३९ मध्यें बादशहाचा आयुक्त लिन झेशू कांटनला आला. अफूनें देश पोखरला होता. रुपें बाहेर जात होतें, शिपायाच्या हातीं भाला धरण्याचें बळ उरलें नव्हतें. त्यानें परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारींस वेढा घालून २०,२८३ पेट्या ताब्यांत घेतल्या. हजार टनांहून अधिक माल. जाळली तर उरलेला अंश लोक मातींतून उकरून काढतात, म्हणून त्यानें तळीं खणविलीं. पाणी व मीठ घालून त्यांत अफूचे गोळे फोडून टाकले, वर कळीचा चुना. तळें उकळूं लागे. ओहोटीच्या वेळीं दार उघडून सर्व समुद्रांत सोडीत. ३ जूनपासून तेवीस दिवस हें काम चाललें. आणि आरंभ करण्यापूर्वीं लिननें समुद्रदेवतेची पूजा करून, तुझें पाणी आम्ही नासवीत आहों म्हणून क्षमा मागितली. हें आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हतें. आम्हीं तें पस्तीस वर्षांत एकदांही सांगितलें नाहीं.

नातू तळ्याच्या कठड्याशीं उभा होता. त्यानें विचारलें, 'आजोबा, एवढी अफू आली कुठून?'

'इंग्रजांनीं आणली. कलकत्त्याहून,' आम्हीं सराईतपणें उत्तर दिलें. पाटणा-काशीकडे कंपनीच्या मक्त्याची अफू पिके, हें खरेंच होतें. त्याच्या वहींत आम्हीं हिंदुस्थानचा नकाशा काढून कलकत्त्याहून बाण ओढला. जांवई शेजारीं उभे होते. ते हळूच म्हणाले, 'मामा, मुंबईहूनही.'

आम्हांस तें ठाऊक नव्हतें असें नाहीं. कोठेंतरी वाचलें होतें. पण धड्यांत कधीं घेतलें नव्हतें. माळव्यांत, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखांत, खसखशीचीं शेतें होतीं. तेथला माल आधीं आडमार्गानें दमणकडे वगैरे जाई; पुढें कंपनीनें जकात घेऊन तो मुंबईहून जाऊं दिला. मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनीं त्यांत अमाप पैसा मिळविला. आणि माळव्यांतील या व्यापाराची एक मोठी पेठ कोणती? उज्जैन! परवां ज्या नगरीचें नांव घेऊन आमची छाती फुगली तीच. आम्हीं मुकाट्यानें वही घेतली, उज्जैनला एक ठिपका दिला, तेथून मुंबईस व मुंबईहून कांटनला रेघ काढली. हात थोडा कांपला हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पुढचें सर्वांस ठाऊक आहे. लढाई झाली, तींतही इंग्रजांच्या बाजूनें मद्रासी पलटणीचे आपले शिपाई होते. १८४२ चा नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग गेलें तें १९९७ पर्यंत. दंड दोन कोटी दहा लक्ष डॉलर, त्यांपैकीं साठ लक्ष बुडविलेल्या अफूची किंमत म्हणून. लिनला त्यापूर्वींच पदच्युत करून देशाच्या पश्चिम टोंकास धाडला होता.

परतीच्या गाडींत आम्हीं बोललों नाहीं. मनांत घोळत होतें तें वाचकांस सांगतों. आमचे तीर्थरूप एकदां सहा आठवडे मुंबईस जे. जे. रुग्णालयांत पडून होते. गांवच्या वैद्यांनीं आशा सोडली होती. तेथें ते वांचले, आणि पुढें सोळा वर्षें जगले. आमचें शिक्षण त्या सोळा वर्षांतलें. सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीनें तें रुग्णालय १८४५ सालीं उभें राहिलें. माहीमचा पूल त्याच वर्षीं त्यांच्या पत्नीच्या पैशानें झाला. जमशेटजी दात्यांत श्रेष्ठ, याविषयीं कोणासच शंका नाहीं. त्यांची संपत्ति चीनच्या व्यापारांतली, कापसाची व अफूची, हेंही इतिहासांत नमूद आहे. वडिलांच्या खाटेखालून त्या हिरव्या तळ्यापर्यंत एक वाट जाते, हें आम्हांस साठी उलटल्यावर दिसलें.

रात्रीं आमच्या मंडळींपुढें विषय निघाला. त्यांच्या लग्नांतला तनछोई शालू अजून ट्रंकेंत आहे. सुरतेच्या जोशी आडनांवाच्या तिघां भावांस जमशेटजींनीं चीनला पाठविलें, ते छोय नांवाच्या कारागिराकडून विणकाम शिकून आले, म्हणून 'तनछोई', असें सांगतात. आम्हीं विचारलें, 'तो शालू आतां नेसाल का?'

'कां नेसणार नाहीं?' त्या म्हणाल्या. 'शालवानें कोणाचें काय केलें? आणि रुग्णालयास तुम्ही नांवें ठेवूं नका. मामंजी तेथें बरे झाले. पण तुम्ही मुलांना शिकवायला हवें होतें, अहो. तें तुमचें काम होतें.' थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, 'सोलापूरचे डॉक्टर कोटणीस याच वाटेनें गेले ना?' गेले होते. १९३८ सालीं काँग्रेसनें पाठविलेलें पांच डॉक्टरांचें पथक मुंबईहून निघून कांटनमार्गेंच चीनमध्यें शिरलें. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरांत उत्तर चीनमध्यें वारले, वय अवघें बत्तीस. परमार्थाप्रमाणें तेही परतले नाहींत. मंडळींस त्यानें बरें वाटलें असावें, कारण त्या लौकरच झोंपल्या. आम्हांस मात्र एका जमेनें दुसरें नांवें पुसतां येईना.

निघण्याच्या आदल्या दिवशीं नातवास घेऊन आम्ही पुन्हां ग्वांगशियाव मठांत गेलों. त्यास बोधिवृक्षाचें गळलेलें पान हवें होतें. वहींत त्या नकाशाच्या पानांतच त्यानें तें ठेविलें.

जाऊं इच्छिणाऱ्यांनीं डोंगरनदीसाठीं वसंत किंवा शरद् धरावा. भर पावसाळ्यांत नदीस पूर येतो. ग्वेलिनला तीन दिवस पुरेत. कांटनला मात्र चार ठेवावे, व त्यांतला एक हूमेनला द्यावा. आपल्याकडील सहलींच्या कार्यक्रमांत तें नांव सहसा नसतें, म्हणून मुद्दाम लिहितों.

शेजारची एक मुलगी सध्यां संध्याकाळीं इतिहासाच्या अडचणी विचारावयास येते. गेल्या आठवड्यांत तिचा तोच धडा आला. आम्हीं तिला पाटीवर नकाशा काढावयास सांगितला. कलकत्ता तिनें आपण होऊनच दाखविलें. 'आतां उज्जैन दाखव,' आम्ही म्हणालों. तिला तें नेमकें कोठें हें ठाऊक नव्हतें, म्हणून उठून अॅटलास काढला.